लॅपटॉपचा डिस्प्ले, चार्जिंग आणि बॅटरी: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप बिघडला की सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते नको असलेला पार्ट बदलण्यात. स्क्रीनची केबल तुटलेली असते आणि पॅनेल म्हणजे अख्खी स्क्रीनच बदलली जाते. अडॅप्टरची पिन गेलेली असते आणि बॅटरी नवी येते. म्हणून इथल्या बहुतेक उत्तरांत आधी तपासणी दिली आहे आणि मग उपाय. तपासण्या घरी, फुकटात करता येतात. जिथे झाकण उघडावं लागतं तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, लाईट लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. पॅनेल गेलं का?

तसं लगेच समजू नका. काळ्या स्क्रीनमागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात: मशीन मुळात सुरूच झालेलं नसतं, चित्र तयार होतं पण पॅनेलपर्यंत पोचत नाही, चित्र पोचतं पण मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट लागत नाही, किंवा पॅनेल खरंच गेलेलं असतं. कोणतं ते या क्रमाने शोधा.

१. अडॅप्टर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, अडॅप्टर लावा, चालू करा. मदरबोर्डात, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किटमध्ये, अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि बरीच मशीन एवढ्यावरच उठतात. लिनोवोच्या काही मॉडेलांना खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं छिद्र असतं, ते याच कामाचं आहे.

२. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर मशीन चालू आहे, अडचण फक्त दिसण्याची आहे. दिवा ढिम्म राहिला तर खालचा रॅमचा (मेमरीच्या पट्टीचा) प्रश्न वाचा.

३. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ‘बीप’ वाजून स्क्रीन आली तर ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर) अडकला होता. झोपेतून उठवल्यावर काळी राहणारी स्क्रीन बहुतेक वेळा यानेच येते.

४. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला तिरका लावून जवळून बघा. अंधुक आयकॉन दिसले तर चित्र आहे, बॅकलाइट नाही.

५. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स ठीक आहेत. काही मॉडेलांत विंडोज पूर्ण उघडेपर्यंत टीव्हीवर काही येत नाही, त्यामुळे दोन मिनिटं थांबा आणि मगच निष्कर्ष काढा.

टीव्हीवर चित्र येतं आणि टॉर्चमध्येही स्क्रीनवर काहीच दिसत नाही, एवढं कळलं की प्रश्न केबल किंवा पॅनेल या दोनच गोष्टींवर आला. आधी केबल काढून पुन्हा बसवून बघायला सांगा, पॅनेलचा विचार नंतर.

टॉर्चमध्ये अंधुक चित्र दिसतं. आता काय?

बॅकलाइटला वीज पोचत नाही. पॅनेलमधली एलईडीची पट्टी जळालेली असू शकते, केबलमधली बॅकलाइटची तार तुटलेली असू शकते, किंवा मदरबोर्डवर डिस्प्ले कनेक्टरजवळचा बारीक फ्यूज उडालेला असू शकतो. हा फ्यूज तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतो आणि तो बहुतेक वेळा दुरुस्ती करतानाच उडतो: बॅटरीचा कनेक्टर न काढता कुणी डिस्प्लेची केबल ओढली की बॅकलाइटच्या तारेतली वीज शेजारच्या पिनला टेकते. त्यामुळे तुमच्यासमोर काम होणार असेल तर ‘आधी बॅटरीचा कनेक्टर काढा’ एवढं नक्की म्हणा. चांगला तंत्रज्ञ ते न सांगताही करतो.

फ्यूज किंवा बॅकलाइटची आयसी (चिप) बदलणं हे चिप-लेव्हलचं, म्हणजे मदरबोर्डवरचे बारीक भाग बदलण्याचं, काम आहे. ते करणारं दुकान वेगळं शोधावं लागतं. फक्त पॅनेल बदलणाऱ्या ठिकाणी अशा मशीनला नवं पॅनेल लावलं तरी स्क्रीन काळीच राहते.

कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही, पंखा मात्र फिरतो.

पहिला संशय रॅमवर घ्या. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात, आणि त्याहून जास्त गगनबावडा, राधानगरी, आजरा भागात, हवेत इतका ओलावा असतो की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. मागचं झाकण उघडायची सवय असेल तर: अडॅप्टर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढा, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकला म्हणजे ती तिरकी उभी राहील, ओढून काढा. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा, भुगा ब्रशने झटका, तिरकी घालून ‘टक’ आवाज येईपर्यंत खाली दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

रॅम काढून घातल्यावर पहिल्यांदा चालू करताना एखादं मिनिट, कधी त्याहूनही जास्त, स्क्रीन काळी राहते. मशीन तेव्हा रॅमची जुळणी करत असतं. या वेळेत घाईने बंद करू नका.

डेलच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा केशरी-पांढरा लुकलुकतो, तो मोजा. २ केशरी आणि ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, २ केशरी आणि ७ पांढरे म्हणजे डिस्प्लेत बिघाड. एचपीत कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. दुकानात जाण्याआधी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेषा आल्या. पॅनेलच का?

रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्ये रेषा नसतील तर ग्राफिक्स बरोबर चित्र बनवतंय, बिघाड त्यापुढचा आहे. स्क्रीनशॉटमध्येही असतील तर पॅनेलला हात लावायचं कारण नाही, ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिप बघा.

मग मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जा (एचपीत एफ१०, बाकी बऱ्याच कंपन्यांत एफ२). तिथे विंडोज नसते, ड्रायव्हर नसतो. तिथेही रेषा असतील तर हार्डवेअर. डेलमध्ये आणखी सोपं आहे: बंद मशीनमध्ये डी दाबून धरून पॉवर बटण दाबा, स्क्रीन एकेक रंगाने भरते. हे रंग पॅनेल स्वतः तयार करतं, म्हणून त्यातही रेष दिसली तर पॅनेल नक्की.

शेवटी झाकण सावकाश पुढे-मागे हलवा. रेष जागची हलली, गेली, पुन्हा आली, तर केबल. झाकण कसंही धरलं तरी एकच बारीक उभी रेष त्याच जागी राहिली, तर पॅनेलच्या कडेला चिकटवलेली पातळ पट्टी सुटली आहे आणि ती घरगुती उपायाने बसत नाही. कडेला बोटाने दाबून रेष घालवायचा प्रयत्न करू नका. दाबाने काच आतून तडकते आणि एका रेषेच्या जागी काळा डाग पसरतो.

स्क्रीन फडफडते.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळं फडफडतंय पण टास्क मॅनेजरची खिडकी स्थिर, तर एखादं सॉफ्टवेअर त्रास देतंय. नुकतंच काय टाकलं ते आठवा आणि काढा. टास्क मॅनेजरही फडफडत असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर या वाटेने जाऊन ‘रोल बॅक’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. ते बटण फिकट असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

फक्त बॅटरीवर असतानाच फडफडत असेल तर इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या पानावर ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ बंद करून बघा. चित्र हलत नसताना वीज वाचवण्यासाठी ही सोय असते, पण काही पॅनेलांशी तिचं जुळत नाही.

ब्राइटनेस कमी केल्यावर डोळे दुखतात, वाढवला की बरं वाटतं, असं असेल तर मोबाईलचा कॅमेरा स्क्रीनवर धरा. कमी ब्राइटनेसला काळे पट्टे सरकताना दिसले तर त्या पॅनेलचा बॅकलाइट भरभर चालू-बंद होऊन उजेड कमी करतो. तो बिघाड नाही, पॅनेलची घडणच तशी आहे. ब्राइटनेस जरा वर ठेवा आणि खोलीत दिवा लावा.

ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतो.

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ब्राइटनेस. तिथे मजकुरानुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. तरीही होत असेल तर इंटेलच्या कमांड सेंटरमधलं ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ बंद करा.

झाकण एका कोनात ठेवलं तरच चित्र येतं.

बिजागरीजवळ केबल चिंबली आहे. तिच्यात केसाएवढ्या बारीक तारा असतात आणि त्या सगळ्या बिजागरीच्या वाटेने वर जातात. मूळ दुखणं बहुतेक वेळा बिजागरीचं असतं. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या छोट्या खांबांत बसवलेल्या पितळी नटांत शिरतात. बिजागरी आवळली गेली, आणि झाकण नेहमी एकाच कोपऱ्याला धरून उघडलं, की खांब मुळापासून तुटतो. मग उघडताना एका बाजूचं बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, फाकतं, आतून ‘कट्’ आवाज येतो आणि केबल पिळवटते.

बेझल फाकलेलं दिसलं त्याच आठवड्यात काम करून घ्या. या टप्प्यावर नट इपॉक्सीने पुन्हा बसवून, बिजागरीचा नट थोडा सैल करून भागतं. महिनाभर तसंच वापरलं तर केबल, मागचं कव्हर आणि कधी पॅनेलही जातं. फेविक्विक आतल्या भागाला लावू नका. त्याची वाफ पॅनेलवर पांढरट थर धरते आणि सांधा तरीही टिकत नाही. झाकण उघडताना मधोमध धरा.

टाईप करताना मध्येच स्क्रीन बंद होते, हात काढला की चालू.

झाकण मिटलं आहे हे ओळखायला लॅपटॉपमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो. चुंबकाचं बकल असलेला घड्याळाचा पट्टा, चुंबकाचं ब्रेसलेट, चुंबकी कव्हरचा मोबाईल हात टेकतो त्या जागेजवळ आला की मशीनला झाकण मिटल्यासारखं वाटतं. एकावर एक लॅपटॉप ठेवले तरीही हेच होतं. घड्याळ काढून बघा.

पॅनेल बदलायचंच आहे. दुकानात काय विचारू?

जुन्या पॅनेलच्या पाठीवर स्टिकर असतो, त्यावरचा पूर्ण नंबर महत्त्वाचा. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावरून पॅनेल मागवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारची पॅनेलं घालते. चार गोष्टी जुळायला हव्यात: आकार (१४ किंवा १५.६ इंच), रिझोल्यूशन (१३६६ गुणिले ७६८ की १९२० गुणिले १०८०), कनेक्टरच्या पिना (साध्या ६० हर्ट्झच्या पॅनेलला ३० पिना, टच किंवा १२०-१४४ हर्ट्झच्या बऱ्याच पॅनेलांना ४०), आणि बसवण्याच्या पट्ट्या आहेत की पॅनेल चिकटटेपवर बसतं.

‘फुल एचडी देतो’ म्हटल्यावर आयपीएस की टीएन (हे पॅनेलचे दोन प्रकार) ते विचारा. टीएन पॅनेल थोडं वाकडं बघितलं तरी रंग उलटतात. जुनं आयपीएस असेल तर त्या जागी टीएन घेऊ नका. १३६६ च्या जागी १९२० चं लावायचं असेल तर कधी कधी केबलही बदलावी लागते, हे आधी बोलून घ्या. लावल्यावर पैसे देण्याआधी पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन करून डेड पिक्सेल (बंद पडलेले ठिपके) आणि कडेचा उजेड बघा. बिलावर पॅनेलचा नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

स्क्रीन कशाने पुसायची?

मशीन बंद करा. मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं करून वरून खाली पुसा. स्प्रे थेट स्क्रीनवर मारू नका. द्रव ओघळून खालच्या कडेत शिरतो आणि पॅनेल चालवणाऱ्या चिपा नेमक्या तिथेच असतात. खालून सुरू झालेल्या रेषांचं हे एक नेहमीचं कारण आहे. कॉलिन आणि अमोनियाची काच-क्लीनर लॅपटॉपला नकोत, मॅट थर निघून जातो.

पावसाळ्यात लॅपटॉप कसा सांभाळायचा?

न वापरता कपाटात ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तासभर चालवा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. भिजत घरी आलात तर बॅग उघडून लॅपटॉप पंख्याखाली अर्धा तास राहू द्या, मग चालू करा. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवायचं टाळा, ओल आलेली भिंत दिसत नसली तरी गारवा देत असते.

पाणी सांडलं, किंवा पुरात भिजला.

चहा-पाणी सांडलं तर पहिल्या दहा सेकंदांत जे होतं त्यावर सगळं ठरतं. अडॅप्टर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, उघडून तंबूसारखा उलटा ठेवा. चालू होतो का ते बघायला पुन्हा बटण दाबू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट कण जॅकमध्ये शिरतात. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं. त्याच दिवशी उघडून बॅटरी काढणं आणि मदरबोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं हाच उपाय आहे. साखरेचा चहा असेल तर जास्तच घाई करा.

पुराच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दिवसेंदिवस पाणी साचून राहिलं. अशा मशीनची बॅटरी आणि अडॅप्टर, वाळल्यावर चालले तरीही, पुन्हा वापरू नका. हार्ड डिस्क किंवा एसएसडी मात्र वेगळी काढून द्या, माहिती बरेचदा वाचवता येते. नदीकाठच्या भागात राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की लॅपटॉप, यूपीएस आणि राउटर वरच्या मजल्यावर हलवा. ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबलात तर वीज आधीच बंद झालेली असू शकते.

‘प्लग्ड इन’ दिसतं, पण ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबतं.

बहुतेक वेळा हा बिघाड नसून सोय आहे. लिनोवो व्हँटेजमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’, मायआसुसमध्ये बॅटरी केअर, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’, एचपीत बायोसमधली बॅटरीची सेटिंग बघा. जुन्या लिनोवोत हीच मर्यादा साधारण ६० टक्क्यांची असते. दिवसभर चार्जरवर काम करत असाल तर ती चालूच ठेवा. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहणं सगळ्यांत जास्त बाधतं. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी काढा.

‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ १०-२० टक्क्यांवरच येतं आणि मशीन फार हळू चालतं.

डेल किंवा एचपी असेल तर अडॅप्टरच्या मधल्या बारीक सुईकडे बघा. या दोन्ही कंपन्यांच्या गोल पिनांत वीज बाहेरच्या आणि आतल्या कड्यांतून जाते. मधली सुई फक्त ‘मी इतक्या वॉटचा अडॅप्टर आहे’ एवढी ओळख देते. ती वाकली, तुटली, किंवा तिची तार आत तुटली की लॅपटॉप अडॅप्टर ओळखत नाही. मग तो बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही कमी करतो. डेलच्या बायोसमध्ये अडॅप्टरचा प्रकार ‘अननोन’ दिसला तर हेच. त्याच वॉटचा दुसरा चांगला अडॅप्टर पाच मिनिटं लावून बघितला की निकाल लागतो. बॅटरी मागवण्याआधी हे नक्की करा.

दुसरा अडॅप्टर घेताना काय जुळवायचं?

व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर जुन्याएवढे किंवा जास्त चालतात. नेहमी दिसणारे आकडे: १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर, १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. तिन्ही ६५ वॉटचे. एचपीचा १९.५ व्होल्ट २.३१ अँपिअरचा ४५ वॉटचा. गेमिंग लॅपटॉपला ६५ वॉटचा लावला तर तो चालतो, पण काम वाढलं की चार्जरवर असतानाही बॅटरी उतरते. मल्टिमीटरने मोजताना डीसी व्होल्टेजची २० पेक्षा वरची रेंज घ्या. लोड नसताना आकडा बरोबर आला म्हणून अडॅप्टर चांगलाच आहे असं होत नाही, पण आकडा खूप खाली किंवा नाचता असेल तर तो बाद समजा.

मोबाईलच्या टाइप-सी चार्जरवर लॅपटॉप चालेल का?

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टवर चार्जिंग चालत असेल आणि चार्जर ‘पॉवर डिलिव्हरी’चा असेल तर. लॅपटॉपला साधारणपणे २० व्होल्ट लागतात. बरेच मोबाईल चार्जर त्यांच्या कंपनीच्या खास पद्धतीने वेगवान चार्ज करतात आणि लॅपटॉपला ५ किंवा ९ व्होल्टच देतात, म्हणून ‘स्लो चार्जर’ असा संदेश येतो किंवा काहीच होत नाही. ६० वॉटच्या पुढे ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते.

चार्जिंगला लावला की लॅपटॉपच्या धातूला हात लागताच मुंग्या येतात.

अर्थिंग नाही. अडॅप्टरच्या आत गोंगाट दाबणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून येणारा अगदी किरकोळ करंट अर्थिंगमधून निघून जायला हवा. थ्री पिनला टू पिनचा कन्व्हर्टर लावला, किंवा बोर्डात तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नाही, की तो धातूच्या अंगावर राहतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास आढळतं. इलेक्ट्रिशियनकडून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजून घ्या. दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. मूळच टू पिन असलेल्या अडॅप्टरला थोड्या मुंग्या येणारच. झटका बसला, हात मागे खेचला गेला, तर मात्र तो अडॅप्टर त्याच क्षणी वापरातून काढा.

लाईट सारखी ये-जा करते. लॅपटॉपला स्टॅबिलायझर लागतो का?

नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी व्होल्टेज तो सहज पेलतो. धोका कमी व्होल्टेजचा नसून लाईट परत येतानाच्या झटक्याचा आहे. लाईट गेली की अडॅप्टर बोर्डातून काढा, आल्यावर दोन-तीन मिनिटांनी लावा. दुसरा धोका गावाकडे जास्त: खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. बल्ब अचानक प्रखर झाले तर मेन स्विच बंद करा आणि महावितरणला कळवा.

एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडत असताना फक्त अडॅप्टर काढून भागत नाही. इंटरनेटची लॅन केबल आणि टीव्हीची एचडीएमआय केबलही काढा, डिशच्या तारेतून झटका टीव्हीत आणि तिथून लॅपटॉपमध्ये येतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर निर्धास्त वापरा. स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर घूं-घूं आवाज करून तापत असेल तर त्यावर चार्जिंग टाळा आणि लॅपटॉप तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.

बॅटरी किती उरली आहे हे नक्की कसं कळेल?

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवं क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत पॉवर हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ, आणि बॅटरीरिपोर्ट हे दोन शब्द जोडून. एंटर. फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसतं, ती ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. पहिला ४१,००० मिलिवॉट-तास आणि दुसरा २४,६०० असेल तर ६० टक्के क्षमता उरली. साधं काम करताना लॅपटॉप १० वॉट खात असेल तर ही बॅटरी अडीच तासांच्या आसपास टिकेल. ५० टक्क्यांच्या खाली गेली आणि काम अडत असेल तर बदला. नवी घेताना पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-तास तिन्ही जुळवा. ११ व्होल्टच्या आसपासची आणि १५ च्या आसपासची बॅटरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, कनेक्टर बसला तरी.

३० टक्के दाखवत असतानाच मशीन धाडकन बंद पडतं.

एखादा सेल कमजोर झालाय, किंवा टक्के मोजणारी चिप चुकतेय. एकदा जुळवून बघा: १०० टक्के भरा, दोन तास तसंच चार्जरवर ठेवा, मग चार्जर काढून आपोआप बंद होईपर्यंत वापरा, तीन-चार तास थांबा, सलग पूर्ण भरा. सुधारलं तर मोजणीचा घोळ होता. पुन्हा तेच झालं तर बॅटरी बदला. हे दर महिन्याला करू नका, पूर्ण रिकामी करण्याने बॅटरी झिजते.

टचपॅड वर आलंय, क्लिक होत नाही.

लगेच बंद करा. खाली बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही, प्लॅस्टिकची पट्टी वापरायची. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

झाकण मिटून बॅगेत ठेवला. पुण्याला पोचेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी रिकामी.

नव्या लॅपटॉपमध्ये ‘स्लीप’ ही पूर्ण झोप नसते. मशीन मोबाईलसारखं अर्धवट जागं राहून मेल आणि अपडेट घेत असतं. वर बॅटरीच्या प्रश्नात सांगितलेल्या सीएमडीच्या काळ्या खिडकीत बॅटरीरिपोर्टच्या जागी फक्त ए टाकलं की कोणती झोप उपलब्ध आहे ते दिसतं. यादीत ‘एस०’ असेल तर हा प्रकार. स्लीपस्टडी टाकलं तर गेल्या तीन दिवसांत झोपेत कुणी वीज खाल्ली त्याचा अहवाल मिळतो.

उपाय: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, झाकण मिटल्यावर काय करायचं तो पर्याय, आणि तिथे दोन्ही रकान्यांत ‘हायबरनेट’. यादीत हायबरनेट नसेल तर त्याच काळ्या खिडकीत तिरक्या रेघेनंतर हायबरनेट, मोकळी जागा, ऑन. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत मशीन पूर्ण बंद असतं.

शट डाउन करून चालू केलं तरी तोच त्रास, रीस्टार्ट केलं की बरं.

‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर तसेच जपून ठेवले जातात. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या पानावर तो पर्याय काढून टाका.

बॅटरी जास्त टिकवायची तर?

ब्राइटनेस आधी. डिस्प्ले हा वीज खाणाऱ्यांत सगळ्यांत पुढे असतो. १४४ हर्ट्झची स्क्रीन बॅटरीवर ६० ला आणा.

शिरोली, उद्यमनगर किंवा इचलकरंजीत काम आहे. मशीन तापून बंद पडतं.

फाउंड्री आणि मशिन शॉपच्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात, ते वीज वाहतात. माग असलेल्या ठिकाणी सुताचा तलम कापूस पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो आणि बाहेरून दिसत नाही. अशा जागी सहा महिन्यांनी आतून सफाई करा. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका: त्यात पाणी असतं, आणि पंखा भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. काडीने पंखा अडवून मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, जाळीवरचा थर चिमट्याने उचला, थर्मल पेस्ट नवी लावा. शॉप फ्लोअरवरच्या लॅपटॉपचे रिकामे पोर्ट रबरी टोप्यांनी बंद ठेवा.

दुरुस्तीला देताना काय करून द्यावं?

बिघाडाचा व्हिडिओ, अडॅप्टरसह मशीन, आणि वरच्यापैकी कोणत्या तपासण्या केल्या ते कागदावर. शक्य असेल तर माहितीची प्रत काढून ठेवा. आणि एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर मदरबोर्ड बदलल्यावर, कधी बायोस बदलल्यावरही, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क चांगली असूनही माहिती मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून डिव्हाइसच्या नावाखाली ती शोधा, कागदावर लिहून घरी ठेवा, मगच मशीन दुकानात सोडा.